पंचफुलाबाईची चूल

सत्य कोणाच्या सांगण्यावर किंवा न सांगण्यावर अवलंबून नसतं. ते आपल्या जागी उभं असतं, आणि साऱ्या जगानं पाठ फिरवली तरी त्याचं काही बिघडत नाही. हे वाक्य प्रा. दिनकरराव दर वर्षी जूनच्या शेवटच्या आठवड्यात बी.ए.च्या वर्गात म्हणत. जुलैच्या पहिल्या आठवड्यात वर्गात पाच पोरं उरत. त्यातली तीन दुसऱ्या विषयाला जागा न मिळाल्यानं आलेली, एक झोपायला आलेलं, आणि एखाद्या वर्षी एखादं खरंच शिकायला.

आमचं कॉलेज परभणीत. दिनकरराव तत्त्वज्ञान शिकवत, मी अर्थशास्त्र. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी शेजारी होत्या आणि दोघांच्याही विषयाचा कोणाला उपयोग नव्हता, एवढ्यावर आमची मैत्री जमली.

दिनकरराव वास्तववादी होते. म्हणजे कोणी पाहो न पाहो, टेबल असतंच, असं त्यांचं मत. खोलीतून सगळे बाहेर गेल्यावर टेबल राहतं की नाही, असा प्रश्न म्हणे एका विलायती पाद्र्याला पडला होता. दिनकररावांनी तो एकदा आमच्या मुंजाजी शिपायाला विचारला. मुंजाजी म्हणाला, "सर, कुलूप मी लावतो. ऱ्हातं."

शब्दांबद्दलही त्यांचं ठरलेलं होतं. शब्द हा संकेत. गाईला उद्यापासून घोडा म्हणायचं सगळ्यांनी ठरवलं तरी ती दूधच देणार. आणि नीतीचा तास आला की ते एका जर्मन पंडिताचा दाखला देत. दारात खुनी आला, त्यानं तुमच्या घरात लपलेल्या मित्राचा ठावठिकाणा विचारला, तरी खोटं बोलू नये, असं त्या पंडिताचं म्हणणं. पोरं चिडत. दिनकरराव चष्मा पुसत म्हणत, "तो खोटं बोलू नका म्हणतो. उत्तर द्याच, असं कुठं म्हणतो?"

शहात्तर साली खरंच शिकायला आलेला पोरगा म्हणजे नागनाथ. तो दिनकररावांच्याच गावचा, वालूरच्या अलीकडचा. गावाचं नाव सांगत नाही. नावानं काही फरक पडत नाही, हे सरांचंच म्हणणं. नागनाथ तिथल्या बौद्धवाड्यातला. त्याची आई पंचफुलाबाई लोकांच्या रानात खुरपायला जाई. बौद्ध तार्किकांचं मत शिकवताना दिनकरराव म्हणाले, "यांच्या मते शब्द वस्तू काय आहे ते सांगतच नाही. ती काय नाही, तेवढंच सांगतो." वर्ग हसला. नागनाथ उभा राहिला.

"सर, हे आमाला लवकर कळतं."

"कसं काय?"

"गावानं आमच्या आज्याला जे नाव दिलतं, त्यात तो काय हाय ते कुठं व्हतं? शिवायचं न्हाई, पाणवठ्यावर यायचं न्हाई, एवढंच व्हतं."

दिनकररावांनी "उत्तम उदाहरण" म्हणून ते वहीत टिपून घेतलं. पुढच्या वर्षी त्यांनी ते स्वतःचं म्हणून सांगितलं.

अठ्ठ्याहत्तरच्या जुलैअखेर मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात झाला. दुसऱ्या दिवसापासून एस.टी. बंद, कॉलेज बंद, आणि खेड्यांतून धुराच्या बातम्या. ठरावाच्या आधीपासूनच स्टाफरूममध्ये प्रत्येकाला आपली बाजू सांगावी लागे. दिनकरराव म्हणत, "नाव हा संकेत आहे. ते बदलल्यानं विद्यापीठ बदलत नाही. म्हणून विरोध करायला कारण नाही, आणि पाठिंबा द्यायलाही नाही." त्यामुळं दोन्हीकडच्यांनी त्यांच्याशी बोलणं सोडलं. हा तटस्थतेचा पुरावा आहे असं ते मला म्हणाले.

ठराव झाला तेव्हा मी त्यांच्या गावी अडकलो होतो. आषाढ चालू होता; आखाड तळायला या, म्हणून वहिनींनी बोलावलं होतं. नर्मदावहिनींच्या हातच्या कापण्या मला आवडत. एका दिवसासाठी गेलो आणि एस.टी. बंद झाल्यामुळं चार दिवस राहिलो. चौथ्या दिवशी सकाळी पाऊस झाला, दुपारी उघडला. चारच्या सुमारास आम्ही दोघं माळवदावर, घराच्या सपाट मातीच्या छतावर, घोंगडी टाकून बसलो. घोंगडी आखूड होती. दिनकरराव मधोमध, मी उजव्या कडेला, कापण्यांचं ताट डावीकडं. समोर गावाचा उतार, उताराच्या टोकाला शंभरेक पावलांवर बौद्धवाडा. तिथली माणसं सकाळीच ओढ्यापल्याड रानात निघून गेली होती. काय होणार ते सगळ्यांना माहीत होतं. फक्त केव्हा ते माहीत नव्हतं.

खालून भुजंग चालला. हा दिनकररावांचा चुलतभाऊ. सोबत सातआठ जण. त्याच्या हातात पत्र्याचा डबा होता. त्यानं वर पाहिलं.

"काय भाऊ, आखाड का?"

"हो."

"खा, खा. गरम हायेत तवर खा."

ते उतारानं गेले. पुढं कडुलिंबाचं मोठं झाड आहे, त्याच्या पल्याड पंचफुलाबाईचं घर. थोड्या वेळानं लिंबाच्या शेंड्यावर धूर आला. पांढरा, दाट, वर न चढता पसरणारा. छपराचं गवत सकाळच्या पावसानं भिजलेलं होतं.

"ओलं सरपण," दिनकरराव म्हणाले.

हे ते सवयीनं म्हणाले. आग असली की धूर असतोच असं नाही, सरपण ओलं असेल तरच असतो, हा त्यांच्या वर्गातला जुना मुद्दा. वीस वर्षं तो त्यांनी शिकवला होता आणि त्या दिवशी तो पहिल्यांदा त्यांच्या नजरेसमोर सिद्ध झाला.  हातातली कापणी त्यांनी ताटात परत ठेवली.

एका बाईचं ओरडणं ऐकू येत होतं, आणि एका शेळीचं. मग भुजंग परत आला. हातात डबा नव्हता. या खेपेला त्यानं वर पाहिलं नाही.

वहिनी जिन्यानं वर आल्या. "बसलाव काय? घरं जळायलीत तिकडं."

"दिसतंय," दिनकरराव म्हणाले.

वहिनी दोघांकडं बघत उभ्या राहिल्या. मग खाली गेल्या आणि कढई उतरवली. त्या घरात पुन्हा आखाड तळला गेल्याचं मला माहीत नाही.

पंचफुलाबाईचं घर आणि शेजारची तीन घरं गेली. पंचनामा पाचव्या दिवशी झाला. बौद्धवाड्याच्या वाटेवर गुडघाभर चिखल होता, म्हणून हवालदार सिताराम यांनी तो भुजंगच्या ओट्यावर बसून केला. ओट्यावर जे बसले होते तेच पंच झाले. कारण लिहिलं: पंचफुलाबाईच्या चुलीतील ठिणगी उडून आग लागली.

महिन्याभरानं, एका रविवारी, नागनाथ आईला घेऊन दिनकररावांच्या परभणीच्या खोलीवर आला. मी तिथंच होतो. पंचफुलाबाई उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून खाली बसल्या.

"वर बसा," दिनकरराव म्हणाले.

"बसले की. बापू, घर गेलं ते गेलं. सरकार छपराला पत्रं देतो म्हनायलंय. पर कागदात लिवलंय, माझ्या चुलीनं घर जाळलं. माझं तर जाळलंच, शेजारच्या तिघीचं बी जाळलं. त्या दिशी म्या चूल पेटिवलीच न्हवती. शेळी ऱ्हायली व्हती म्हनून तेवढी न्यायला आले व्हते. आन चूल घरात हायच कुठं? न्हाणीपशी हाय, घरापून बारा पावलं. बगा येऊन, अजून तशीच हाय. तिला काळं बी लागलं न्हाई."

"हे हवालदाराला सांगितलंत?"

"सांगितलं. म्हने, तू फिर्यादी, तुजं कोन धरतंय. भुजंगला म्या माझ्या डोळ्यानं बगितलं. पर दुसरं कोन तरी पायजे म्हनत्यात. आन दुसरं तर कुनीच न्हवतं वाड्यात." त्यांनी पदर सावरला. "मला बाकी काय नगं, बापू. ते लिवलेलं तेवढं बदलून पायजे. माझ्या मरायच्या आदी."

नागनाथ म्हणाला, "सर, तुमी माळवदावर व्हता."

"होतो. पण मी काय पाहिलं, ते नीट ठरवावं लागेल, नागनाथ. लिंब आड येत होता. भुजंग डबा घेऊन गेला, हे पाहिलं. धूर पाहिला. तो डबा न घेता आला, हे पाहिलं. मधलं पाहिलं नाही."

"अनुमान हे प्रमाण हाय का न्हाई, सर?"

"आहे."

"डोंगरावर धूर दिसला तर आग हाय म्हणायचं."

"निःसंशय."

"मग डबा गेला, धूर निघाला, डबा आला न्हाई. काय ऱ्हायलं?"

दिनकररावांचा चेहरा उजळला. मास्तर माणूस. "निर्दोष मांडणी आहे. दहापैकी नऊ दिले असते."

"एक कशाचा कापला?"

"दृष्टांत दिला नाहीस. जिथं धूर आणि आग एकत्र असतात असं सर्वांनी पाहिलेलं ठिकाण सांगावं लागतं. शास्त्रात त्याला स्वयंपाकघराचं उदाहरण देतात."

"ते हवालदारानं दिलंय, सर," नागनाथ म्हणाला. "चूल."

 मग नागनाथ माझ्याकडं वळला.

"आन सर, तुमी? तुमी बी वरच व्हता ना?"

"मी पाहुणा होतो," मी म्हणालो.

"पाव्हण्याला डोळे नसत्यात व्हय?"

"ऱ्हाऊ दे रे," पंचफुलाबाई म्हणाल्या. "ते बाहेरगावचे हायेत. त्यांना कशाला." आणि दिनकररावांकडं वळून त्यांनी विचारलं, "बापू, तुमी जबाब देताल?"

"देईन. मी खोटं बोलणार नाही."

"बास," त्या म्हणाल्या आणि उठल्या. "तेवढंच पायजे."

जबाबाच्या आदल्या दिवशी भुजंग कॉलेजात आला. सोबत पेरूची पिशवी. आम्हाला वाटलं, आता दमदाटी होणार. तसं काही झालं नाही.

"भाऊ, तुमी शिकलेले. तुमाला मी काय सांगू?" तो म्हणाला. "खरं हाय तेच सांगा. फकस्त जेवढं बगितलं तेवढंच सांगा. एवढीच इनंती."

फिर्यादी आणि आरोपी दोघंही आपल्याकडून एकच गोष्ट मागतात, याचं दिनकररावांना नवल वाटलं. त्या रात्री आपल्याला चांगली झोप लागली असं ते म्हणाले.

सकाळी मी त्यांच्यासोबत ठाण्यावर गेलो. मी बाहेर बाकावर बसलो. दार उघडं होतं, सगळं ऐकू येत होतं.

"भुजंगरावाला आग लावताना पाह्यलं का?" हवालदार सिताराम यांनी विचारलं.

"लावताना नाही."

"आग पाह्यली?"

"धूर पाहिला."

"आग विचारायलोय, साहेब."

"धुरावरून आगीचं ज्ञान झालं. आणि ते ज्ञान पाहण्याइतकंच खरं असतं. हे दोन हजार वर्षांपूर्वी..."

"डोळ्यानं पाह्यली का न्हाई?"

"डोळ्यांनी नाही, पण..."

"पण लिवायला जागा न्हाई हो," सिताराम म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. खरंच कागद लहान होता. "डब्यात काय व्हतं?"

"रॉकेल असावं."

"असावं मंजे?"

"तशी दाट शक्यता आहे."

"मंजे माहीत न्हाई." पेन चाललं. "आन ह्या नावाच्या भानगडीत तुमी कुणाकडून?"

"कोणाकडूनच नाही. नाव हा संकेत आहे."

"मंजे वैर न्हाई कुनाशी. हे बरं झालं." पेन पुन्हा चाललं. "संगं कोन व्हतं?"

"आमचे सहकारी बन्सीधरराव. ते काय, बाहेर बसलेत."

सितारामनी मान वाकडी करून मला पाहिलं. मी नमस्कार केला.

"काय शिकवत्यात?"

"अर्थशास्त्र."

"मग ऱ्हाऊ द्या. एक जबाब लय झाला."

जबाब वाचून दाखवला गेला. सदर दिवशी माळवदावर फराळ करीत असता मला धूर दिसला. आग दिसली नाही. भुजंगराव यांस आग लावताना मी पाहिले नाही. डब्यात काय होते ते मला माहीत नाही. माझे कोणाशी वैर नाही. सोबतचे इसम पाहुणे होते.

दिनकररावांनी कागद हातात घेऊन तीनदा वाचला. खोटं वाक्य सापडलं तर हरकत घ्यायची, असं ठरवून ते वाचत होते, हे त्यांनी मला पुढं सांगितलं. एकही सापडलं नाही. शेवटी 'फराळ' या शब्दावर त्यांनी बोट ठेवलं. उपास नव्हता, आखाड होता. सितारामनी फराळ खोडून 'खाणे' केलं आणि खाडाखोडीपाशी सही घेतली. मग खाली सही घेतली.

रेल्वे फाटकापर्यंत आम्ही चालत आलो. फाटक बंद होतं. मालगाडी जात होती, आणि तिचे डबे संपेनात.

"बन्सीधरराव, त्यातलं एकही वाक्य खोटं नाही."

"नाही," मी म्हणालो.

"मग सगळं मिळून ते खोटं कसं झालं?"

प्रश्न चांगला होता. मी म्हणालो, चहा घेऊ.

दिवाळीच्या आत प्रकरण बंद झालं. कागदावर चुलीची ठिणगी राहिली. त्यानंतर पंचफुलाबाई एकदा कॉलेजात आल्या. स्टाफरूममध्ये या म्हटलं तर आल्या नाहीत, व्हरांड्यातच उभ्या राहिल्या. दिनकरराव बाहेर गेले.

"बापू, खोटं बोलला न्हाईत म्हनं."

"नाही बोललो."

"व्हय. नागनाथनं वाचून दाखिवलं. म्या त्याला म्हनलं, बापूच्या तोंडचं एक बी अक्षर खोटं न्हाई बग." त्या पायरीकडं वळल्या. "चूल तितंच हाय. गावाकडं आलाव तर बगून जावा."

एवढंच बोलून त्या गेल्या. शिव्या दिल्या असत्या तर दिनकररावांना बरं वाटलं असतं. पुढं नागनाथ नांदेडला एका कार्यालयात कारकून झाला, आईला घेऊन गेला. तो परत कधी आम्हाला भेटायला आला नाही. परीक्षेच्या वेळी मी दिनकररावांची प्रश्नपत्रिका पाहिली, तर त्यातला धूर आणि आगीचा प्रश्न गेला होता. त्या जागी नदीच्या पुरावरून वर झालेल्या पावसाचं अनुमान आलं होतं. वर्गातही ते त्यानंतर पाऊसच शिकवत. जूनच्या शेवटच्या आठवड्यातलं ते पहिलं वाक्य त्यांनी सोडून दिलं. हजेरी घेऊन सरळ दुसऱ्या मुद्द्यावर येत. पोरांना फरक कळला नाही.

गावी मात्र ते जात. जाऊन माळवदावर बसत, असं वहिनी सांगत. लिंबाकडं बघत बसत. एकदा त्यांनी गडी बोलावून लिंबाच्या खालच्या फांद्या तोडून घेतल्या. मग पुन्हा वर जाऊन बसले. आता दिसतंय का, असं वहिनींनी विचारलं तर म्हणाले, "आता दिसतं. तेव्हा दिसत नव्हतं, हे खरं आहे ना?"  पण पंचफुलाबाईची चूल बघायला ते कधी उताराखाली उतरले नाहीत.

ते अठ्ठ्याऐंशीला निवृत्त झाले, एक्क्याण्णवला गेले. पंचफुलाबाई त्र्याण्णवच्या पावसाळ्यात नांदेडला वारल्या, हे मला नंतर कळलं. चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाला नाव मिळालं. जुनं नाव राहिलं आणि त्याच्या आधी नवं लागलं. आमच्या कॉलेजच्या फलकावर मुंजाजीनं ते रंगवून घेतलं. रंग वाळेपर्यंत तो खाली उभा होता. मी विचारलं, "काय फरक पडला, मुंजाजी?" तो म्हणाला, "तुमाला न्हाई पडला का?" मुंजाजीही बौद्धवाड्यातला आहे, हे मला एकवीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

त्याच आठवड्यात मी वहिनींना भेटायला गावी गेलो. दिनकररावांची पुस्तकं कॉलेजला द्यायची होती. ती बांधून झाली तेव्हा चार वाजले होते. वहिनींनी चहा वर माळवदावर आणला. घोंगडी तीच होती.

उतारावर आता पत्र्याची घरं होती. पंचफुलाबाईच्या जागेवर कोणी घर बांधलं नव्हतं. मोकळ्या जागेच्या टोकाला न्हाणीचे दगड, आणि त्यांच्याशेजारी मातीची एक चूल. अर्धी ढासळलेली. मी नजरेनंच पावलं मोजली. बाराच्या आसपास भरली.

"भावजी," वहिनी म्हणाल्या, "ह्यांना लिंब आड यायचा म्हनत व्हते. शेवटपर्यंत तेच म्हनत गेले. तुमाला काय दिसलं व्हतं?"

हे मला सोळा वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी नीट विचारत होतं.

"धूर," मी म्हणालो.

वहिनींनी कप उचलले आणि त्या खाली गेल्या.

लिंब माळवदाच्या डाव्या अंगाला आहे. घोंगडीच्या उजव्या कडेला बसलं की तो आड येत नाही. त्या दिवशी भुजंगची पहिली काडी पेटली नाही. दुसरी पेटली.